ब्रेकरच्या कार्डावरची तीन वाक्यं: यू-गी-ओमध्ये मॉन्स्टरचा इफेक्ट कधी आणि कसा चालतो

यू-गी-ओ या कार्डांच्या खेळाबद्दलचा तुझा प्रश्न थोडक्यात असा. तू ब्रेकर द मॅजिकल वॉरियर हा मॉन्स्टर समन केला (फील्डवर उतरवला), समोरच्याने हातातून इफेक्ट व्हेलर (मॉन्स्टरचे इफेक्ट बंद पाडणारं कार्ड) टाकला आणि ब्रेकरवर काउंटर (कार्डावर ठेवायची खूण) पडलाच नाही. दुसऱ्या गेममध्ये नेमकं उलटं, समोरच्याने त्याचा ब्रेकर वापरून तुझ्या सेट (पालथ्या ठेवलेल्या) कार्डावर नेम धरला, तू कंपल्सरी इव्हॅक्युएशन डिव्हाइस हा ट्रॅप चेन करून (म्हणजे लगेच उत्तर म्हणून लावून) ब्रेकर त्याच्या हातात परत पाठवलास, तरी तुझं कार्ड फुटलंच. आणि तिसरं म्हणजे समोरचा अटॅक करत असताना तुला काउंटर काढून त्याचं बॅकरो (मागच्या रांगेतले स्पेल-ट्रॅप) फोडायचं होतं तर ऑप्शनच आला नाही. मग एका कार्डावर तीन वाक्यं असली की ती चालतात कशी, एकदम की वेगवेगळी, आणि मॉन्स्टर गेला तरी इफेक्ट राहतो कसा?

तिन्ही वेळा गेम बरोबर होता. सगळ्यात आधी डोक्यात हे पक्कं कर की मॉन्स्टर आणि त्याचा ॲक्टिव्हेट (चालू) झालेला इफेक्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि कार्डावरचं प्रत्येक वाक्य हा स्वतंत्र इफेक्ट असू शकतो, त्याची वेळ वेगळी, स्पीड वेगळा, थांबवायची पद्धत वेगळी. "हे कार्ड काय करतं" असं एकदम विचारायचं नाही, प्रत्येक वाक्याला वेगळं विचारायचं की हे चेन (एकमेकांना उत्तर म्हणून लागत जाणाऱ्या इफेक्टची साखळी) सुरू करतं का, आणि करत असेल तर ॲक्टिव्हेट करताना काय होतं आणि रिझॉल्व्ह होताना (प्रत्यक्ष अमलात येताना) काय होतं. एवढं जमलं की निम्म्याहून जास्त रूलिंग (नियमांचे निर्णय) कुणाला विचारावी लागत नाहीत, कार्डच सांगतं.

ब्रेकर शिकायला फार चांगलं कार्ड आहे, मी नव्या माणसाला नेहमी यावरूनच सुरुवात करून देतो, कारण एवढ्याशा चौकटीत तीन वेगळ्या जातीचे इफेक्ट आहेत. लेव्हल ४, डार्क, स्पेलकास्टर, अटॅक १६०० डिफेन्स १०००, इंग्रजीत २००३ च्या मॅजिशियन्स फोर्स सेटमध्ये आलेलं. मजकूर आपल्या भाषेत सांगायचा तर: पहिलं, हे कार्ड नॉर्मल समन झालं (हातातून साध्या पद्धतीने उतरवलं) तर त्यावर एक स्पेल काउंटर ठेवा, जास्तीत जास्त एक. दुसरं, त्यावरच्या प्रत्येक स्पेल काउंटरमागे ३०० अटॅक वाढतो. तिसरं, या कार्डावरचा एक स्पेल काउंटर काढून फील्डवरचा एक स्पेल किंवा ट्रॅप टार्गेट करता येतो. तो नष्ट करा. जपानी कार्डांवर तर २०१४ पासून प्रत्येक इफेक्टला गोलात आकडाच घालतात, एक दोन तीन, त्यामुळे तिकडे गोंधळ कमी होतो. इंग्रजी कार्डावर आकडे नाहीत, तिथे विरामचिन्हं बघायची, ते पुढे सांगतो.

पहिलं वाक्य हा ट्रिगर इफेक्ट. काहीतरी घडलं म्हणून तो सुरू होतो, इथे नॉर्मल समन. त्यात "करू शकता" असं कुठेच नाही, म्हणजे सक्तीचा, तुला नको असला तरी होणार. तो चेन सुरू करतो, चेन लिंक १ म्हणून बसतो, आणि समोरच्याला त्यावर उत्तर द्यायची संधी मिळते. काउंटर लगेच पडत नाही, चेन रिझॉल्व्ह झाल्यावर पडतो. हा मधला क्षण लोक खातात, कार्ड टेबलवर ठेवलं की लगेच वर काउंटर ठेवून मोकळे, आणि सगळे वाद तिथूनच चालू होतात. अजून एक, फक्त नॉर्मल समनवर होतो. मॉन्स्टर रीबॉर्न या स्पेलने ग्रेव्हयार्डमधून (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगातून) उठवला तर काउंटर नाही, फेस-डाउन (पालथा) ठेवून नंतर फ्लिप समन केला (उलटून उघडला) तरी नाही.

दुसरं वाक्य कंटिन्युअस. हे ॲक्टिव्हेट होतच नाही, चेन नाही, त्यामुळे "मी याला रिस्पॉन्ड करतो" असं म्हणायला जागाच नाही. ब्रेकर फेस-अप (उघडा) आहे आणि वर काउंटर आहे तोवर १९००, काउंटर गेला त्या क्षणी १६००. कुणी बटण दाबावं लागत नाही.

तिसरं वाक्य इग्निशन. स्वतःच्या मेन फेजमध्ये (टर्नमधल्या अटॅक सोडून कार्डं खेळायच्या भागात), दुसरी कुठली चेन चालू नसताना, स्वतःच्या मर्जीने चालू करायचा. तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे, समोरच्याच्या टर्नला इग्निशन वापरता येत नाही, बॅटल फेजमध्ये तर स्वतःच्या टर्नलाही नाही. कार्डावर क्विक इफेक्ट असं छापलेलं असतं तर जमलं असतं. ब्रेकरवर ते नाही.

आता विरामचिन्हं. इंग्रजी कार्डांचा मजकूर २०११ मध्ये जनरेशन फोर्स सेटपासून ठरावीक पद्धतीने लिहायला लागले आणि तेव्हापासून वाचणं खरंच सोपं झालं. कोलनच्या आधी असतं ते कधी आणि कुठल्या अटीवर. कोलन आणि सेमीकोलन यांच्या मधे असतं ते ॲक्टिव्हेट करतानाच करायचं, म्हणजे कॉस्ट भरायची, टार्गेट निवडायचं. सेमीकोलनच्या नंतरचं सगळं रिझॉल्व्ह होताना. वाक्यात कोलन किंवा सेमीकोलन यातलं काही असेल तर तो इफेक्ट ॲक्टिव्हेट होतो, चेन सुरू करतो. दोन्ही नसतील तर बहुतेक वेळा तो चेनशिवाय चालणारा असतो, ब्रेकरच्या ३०० अटॅकसारखा. ब्रेकरचं तिसरं वाक्य बघ, काउंटर काढा मग टार्गेट करा, सेमीकोलन, नष्ट करा. म्हणजे काउंटर काढणं ही कॉस्ट आहे, ती आधीच गेली, इफेक्ट पुढे फसला तरी काउंटर परत मिळत नाही. आणि नष्ट करणं सगळ्यात शेवटी.

हे घेऊन तुझा पहिला गेम परत लावू. तू ब्रेकर नॉर्मल समन केलास. ट्रिगर चेन लिंक १. समोरच्याने हातातून व्हेलर ग्रेव्हयार्डला पाठवला आणि ब्रेकर टार्गेट केला, चेन लिंक २. चेन नेहमी शेवटून सुटते, म्हणजे आधी व्हेलर: ब्रेकरचे इफेक्ट टर्न संपेपर्यंत निगेट (रद्द). मग लिंक १ ची पाळी आली तेव्हा ब्रेकर फील्डवर फेस-अप आहे पण निगेट झालेला आहे, म्हणून "काउंटर ठेवा" हे घडतच नाही. आणि टर्न संपल्यावर व्हेलरचा असर गेला तरी काउंटर येत नाही कारण नॉर्मल समनचा क्षण निघून गेला. पुढच्या टर्नला तुझ्याकडे १६०० चा साधा मॉन्स्टर उरतो.

समोरच्याने व्हेलर थांबवून ठेवला असता आणि तू काउंटर काढल्यावर टाकला असता तर? काउंटर कॉस्ट म्हणून गेला, टार्गेट झालं, व्हेलर आधी रिझॉल्व्ह, ब्रेकरचा इफेक्ट निगेट, कार्ड वाचलं. वरवर दोन्ही सारखंच वाटतं. पण माझं मत विचारशील तर त्याने ट्रिगरवरच टाकला ते बरोबर केलं. थांबला असता तर तू काउंटर तसाच ठेवून १९०० ने अटॅक करू शकला असतास आणि मेन फेज २ मध्ये निवांत फोडलं असतंस, आणि व्हेलर बॅटल फेजमध्ये चालत नाही, फक्त समोरच्याच्या मेन फेजमध्येच. ट्रिगरवर टाकला की ३०० अटॅकही गेला आणि फोडणंही गेलं, एका कार्डात दोन्ही.

एक मधली शक्यता पण आहे आणि ती खेळताना खूप कामाला येते. समज काउंटर पडलेला आहे आणि समोरच्याने मधेच, तू इफेक्ट वापरायच्या आधीच, व्हेलर टाकला. अटॅक १६०० होणार कारण कंटिन्युअस पण निगेट झाला. पण काउंटर तिथेच असतो. त्या टर्नला काउंटर काढायचा मोह टाळायचा. निगेट झालेला मॉन्स्टर इफेक्ट ॲक्टिव्हेट करू शकतो, कुणी अडवत नाही, फक्त कॉस्ट जाते आणि होत काहीच नाही. टर्न संपली की परत १९००, काउंटर शाबूत, पुढच्या टर्नला फोड.

आता दुसरा गेम, ज्यात तुला अन्याय वाटला. समोरच्याने काउंटर काढला, तुझं एक सेट कार्ड टार्गेट केलं, लिंक १. तू दुसरा ट्रॅप उघडलास, कंपल्सरी, ब्रेकर टार्गेट, लिंक २. आधी तुझा कंपल्सरी, ब्रेकर हातात. मग लिंक १, ब्रेकर फील्डवर नाही पण इफेक्ट आधीच ॲक्टिव्हेट झालेला आहे, सुटलेल्या बाणासारखा, धनुष्य काढून घेतलंस म्हणून तो हवेत थांबत नाही. रिझॉल्व्ह होताना फक्त एवढं बघितलं जातं की टार्गेट जागेवर आहे का. होतं, फुटलं. हातात पाठव, मार, बॅनिश कर (खेळाबाहेर काढ), काहीही कर, फरक पडत नाही. नष्ट करणं म्हणजे निगेट करणं नव्हे. हे वाक्य मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय, आणि तरी मला ते परत परत सांगावंसं वाटतं, कारण गेममधले सगळ्यात महागडे निर्णय इथेच चुकतात, लोक हातातला चांगला ट्रॅप चेनमध्ये खर्च करतात आणि मिळत काहीच नाही.

मग पहिल्या वाक्याच्या वेळी ब्रेकर उडवला तर काउंटर का पडत नाही, तिथेही इफेक्ट ॲक्टिव्हेट झालेलाच असतो ना? असतो. पण त्या इफेक्टचं काम काय, तर "या कार्डावर" काउंटर ठेवणं. ठेवायला कार्डच फील्डवर नाही. समनच्या वेळी बॉटमलेस ट्रॅप होल चेन केला की तेच होतं, ब्रेकर नष्ट होऊन बॅनिश, काउंटर ठेवायला जागा नाही. बुक ऑफ मूनने फेस-डाउन केला तरी तेच, फेस-डाउन कार्डावर काउंटर बसत नाही. म्हणून रिझॉल्व्ह होताना इफेक्टला स्वतःचं कार्ड लागतं का, हे मजकुरात शोधायचं. तिसऱ्या वाक्यात ते लागत नाही, पहिल्यात लागतं. आणि बॉटमलेससारखे समनवर चालणारे ट्रॅप त्याच चेनमध्ये लिंक २ म्हणून टाकावे लागतात, ट्रिगर रिझॉल्व्ह होऊन काउंटर पडल्यावर मग आठवलं तर वेळ गेलेली असते, कारण आता शेवटची घडलेली गोष्ट समन राहिली नाही.

आता याच दोन नियमांना जोडून एक सुंदर चाल होते, ती नीट बघ. तू काउंटर काढून समोरच्याचं कार्ड टार्गेट केलंस, लिंक १. त्याने व्हेलर टाकला, लिंक २. तुझ्याकडे सेट केलेला कंपल्सरी आहे, तू तो उघडून स्वतःचाच ब्रेकर टार्गेट करतोस, लिंक ३. शेवटून सुटणार: ब्रेकर तुझ्या हातात. व्हेलरचं टार्गेट फील्डवर नाही, त्याचा असर कुणावरच नाही. मग ब्रेकरचा इफेक्ट, निगेट न झालेला, कार्ड फुटलं. वर ब्रेकर हातात आला, पुढच्या टर्नला परत नॉर्मल समन, परत काउंटर. व्हेलर मॉन्स्टरला धरतो, सुटलेल्या इफेक्टला नाही, मॉन्स्टर फेस-अप फील्डवर असेल तरच त्याची पकड.

स्किल ड्रेन याच तत्त्वावर चालतो. १००० लाइफ पॉइंट भरून उघडायचा कंटिन्युअस ट्रॅप, फील्डवरच्या सगळ्या फेस-अप मॉन्स्टरचे इफेक्ट, ते फेस-अप फील्डवर आहेत तोवर, निगेट. ॲक्टिव्हेट करायला बंदी नाही. म्हणून एक्झाइल्ड फोर्ससारखा मॉन्स्टर, जो स्वतःला ट्रिब्यूट करून (स्वतःचा बळी देऊन) एक मॉन्स्टर फोडतो, तो स्किल ड्रेनखाली मजेत चालतो, रिझॉल्व्ह होताना तो ग्रेव्हयार्डमध्ये असतो, तिथे स्किल ड्रेन पोचत नाही. आणि ब्रेकरने समोर सेट असलेला स्किल ड्रेनच टार्गेट केला आणि मालकाने तो चेनमध्ये उघडला तर? स्किल ड्रेन आधी रिझॉल्व्ह, फील्डवर चालू झाला, मग ब्रेकरचा इफेक्ट आला तो निगेट. स्किल ड्रेन स्वतःच्या बळावर वाचला. साधा नॉर्मल ट्रॅप असता तर तो वापरून तसाही संपला असता. बघ, एकच ब्रेकर, एकच वाक्य, पण समोरचं सेट कार्ड कुठलं त्यावर तीन वेगळे निकाल: मिरर फोर्स (अटॅकवर उघडणारा ट्रॅप) असेल तर तो मेन फेजमध्ये उघडताच येत नाही म्हणून फुकट जातो, कंपल्सरी असेल तर आपलं काम करून जातो, स्किल ड्रेन असेल तर ब्रेकरच फसतो. म्हणून अनुभवी खेळाडू समोरच्याने नुकतंच, त्याच्या शेवटच्या टर्नला, काय सेट केलं आणि आधीपासून न उघडता काय पडून आहे हे लक्षात ठेवतात. समन होऊनही जे उघडलं नाही ते बहुतेक अटॅकवर उघडणारं असतं.

कंटिन्युअस स्पेल-ट्रॅपबद्दल एक अपवाद लगेच नोंदवून ठेव नाहीतर वरचा नियम तिथे लावशील आणि फसशील. कंटिन्युअस, इक्विप आणि फील्ड स्पेल, या कार्डांना रिझॉल्व्ह होताना फील्डवर असावं लागतं. ती उघडतानाच चेनमध्ये फोडली तर त्यांचा असर होत नाही. मॉन्स्टरच्या ॲक्टिव्हेट झालेल्या इफेक्टला ही अट सहसा नाही, नॉर्मल ट्रॅपलाही नाही.

स्पीडचं, म्हणजे कशाने कशाला उत्तर देता येतं याचं, गणित लहान आहे. इग्निशन आणि ट्रिगर स्पीड १, क्विक इफेक्ट स्पीड २, क्विक-प्ले स्पेल आणि नॉर्मल, कंटिन्युअस ट्रॅप स्पीड २, काउंटर ट्रॅप स्पीड ३. स्पीड १ ने कुणाच्या चेनला उत्तर देता येत नाही आणि स्पीड ३ ला फक्त स्पीड ३ चं उत्तर. एकाच वेळी अनेक ट्रिगर झाले तर ते एका चेनमध्ये बसतात, आधी ज्याची टर्न त्याचे सक्तीचे, मग समोरच्याचे सक्तीचे, मग टर्नवाल्याचे ऐच्छिक, मग समोरच्याचे ऐच्छिक. सुटतात उलटे. दोघांच्या फील्डवर सँगन (ग्रेव्हयार्डला गेला की डेकमधून मॉन्स्टर आणून देणारा) आहे आणि तू डार्क होल (सगळे मॉन्स्टर नष्ट करणारा स्पेल) टाकलास, तर तुझा सँगन लिंक १, त्याचा लिंक २, आणि डेकमधून कार्ड आधी तो काढणार.

सँगनचा विषय निघालाच आहे तर ट्रिगरमधली सगळ्यात छळणारी गोष्ट सांगतो, टायमिंग चुकणं. इंग्रजी मजकुरात "इफ" असेल तर ती गोष्ट घडली की झालं, नंतर दुसरं काही घडलं तरी इफेक्ट मिळतो. "व्हेन" असेल आणि पुढे "यू कॅन" असेल तर मात्र ती घटना चेनमधली किंवा क्रियेमधली अगदी शेवटची असावी लागते. पेटेन द डार्क क्लाउन हे याचं ठरलेलं उदाहरण. तो ग्रेव्हयार्डला गेला तेव्हा त्याला बॅनिश करून हातातून किंवा डेकमधून दुसरा पेटेन आणता येतो. लढाईत मेला तर शेवटची गोष्ट तीच, इफेक्ट मिळतो. पण त्यालाच ट्रिब्यूट करून मोठा मॉन्स्टर समन केला तर आधी पेटेन ग्रेव्हयार्डला गेला आणि मग समन झालं, शेवटची गोष्ट समन, पेटेनचं टायमिंग चुकलं, काही मिळत नाही. सँगन "इफ"वाला आणि वर सक्तीचा, त्यामुळे ट्रिब्यूट करा, सिंक्रो किंवा लिंक मॉन्स्टर आणायला मटेरियल म्हणून वापरा, तो १५०० किंवा कमी अटॅकचा मॉन्स्टर आणून देणारच. फक्त झीज (Xyz) मॉन्स्टरखाली ठेवलेलं मटेरियल म्हणून सुटला तर नाही, कारण झीज मटेरियल फील्डवरचं कार्ड धरत नाहीत आणि सँगनला "फील्डवरून ग्रेव्हयार्डला" हवं आहे. हा मजकूर शब्द न शब्द वाचायचा, अंदाज बांधायचा नाही.

मास्टर ड्युएल (यू-गी-ओचा डिजिटल गेम) खेळत असशील तर ॲश ब्लॉसम अँड जॉयस स्प्रिंग रोजच भेटते. २०१७ पासून ती हातात धरून बसणं हा गेमचाच भाग झालाय. लोकांना वाटतं ॲश म्हणजे काहीही थांबवणारं कार्ड. तसं नाही. डेकमधून हातात आणणं, डेकमधून स्पेशल समन, डेकमधून ग्रेव्हयार्डला पाठवणं, या तीनपैकी काही असलेल्या इफेक्टलाच ती उत्तर देते. ब्रेकरला ती हात लावू शकत नाही, त्याचा डेकशी संबंधच नाही. एलिमेंटल हीरो स्ट्रॅटॉसला दोन पर्याय आहेत, डेकमधून हीरो आणणं किंवा स्पेल-ट्रॅप फोडणं, आणि तो पर्याय ॲक्टिव्हेट करतानाच सांगावा लागतो. आणणं सांगितलं तर ॲश चालते, फोडणं सांगितलं तर नाही. आणि ॲश इफेक्ट निगेट करते, ॲक्टिव्हेशन नाही, या फरकामुळे ती डॅमेज स्टेपमध्ये (लढाईचा निकाल लागतो त्या टप्प्यात) टाकता येत नाही. समोरच्याचा सँगन लढाईत मारलास तर तो ट्रिगर डॅमेज स्टेपमध्येच होतो, ॲश हातात असून उपयोग नाही. सँगनला ॲश मारायची असेल तर तो मटेरियल म्हणून किंवा कार्डाच्या इफेक्टने जाईल तेव्हाच.

चेन न करणाऱ्या इफेक्टची ताकद बघायची तर जिन्झो हा मॉन्स्टर. फील्डवर आला की ट्रॅप ॲक्टिव्हेटच होत नाहीत. त्याला ॲक्टिव्हेट व्हावं लागत नाही, त्यामुळे "तो आला म्हणून मी ट्रॅप होल टाकतो" जमत नाही, आल्या क्षणी ट्रॅप बंद. सोलेम जजमेंट हा काउंटर ट्रॅप मात्र चालतो, कारण तो समन होत असतानाच, जिन्झो पुरता फील्डवर पोचायच्या आधी, समनच निगेट करतो. कंटिन्युअस इफेक्टला चेनमध्ये पकडता येत नाही, एकतर येऊच द्यायचा नाही नाहीतर आल्यावर व्हेलर वगैरेने निगेट करायचा.

एका टर्नला एकदा या अटीचे प्रकार पण बघून ठेव. नुसतं "वन्स पर टर्न" लिहिलं असेल तर ती अट त्या एका कार्डापुरती, तोच मॉन्स्टर बुक ऑफ मूनने फेस-डाउन होऊन परत फेस-अप झाला तर त्याला नवीन कार्ड समजतात आणि इफेक्ट परत वापरता येतो, दुसरी कॉपी आणली तर तिचाही वेगळा. कार्डाचं नाव घेऊन "या नावाचा इफेक्ट टर्नला एकदाच वापरता येईल" असं असेल तर ती तुझ्यावरची अट, कितीही कॉप्या आण, एकदाच. ॲश अशीच आहे, हातात दोन असल्या तरी त्या टर्नला एकच. ब्रेकरवर असली अट नाहीच, काउंटर एकच पडतो तीच त्याची मर्यादा.

काही ओळी इफेक्टच नसतात. "नॉर्मल समन करता येत नाही, अमुक पद्धतीनेच स्पेशल समन करा" ही समनची अट, स्किल ड्रेन असो की व्हेलर, ती निगेट होत नाही.

शेवटी वापरायच्या दोन गोष्टी. ज्यांच्याकडे जुनी कार्डं आहेत, किंवा लहानपणी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून घेतलेली पाकिटं अजून डब्यात आहेत, त्यांनी त्यावरच्या मजकुरावर वाद घालू नये. २०११ आधीच्या छपाईत कोलन-सेमीकोलनची शिस्त नाही, सँगनसारख्या कार्डांचा तर मजकूरच नंतर बदललाय, आधीच्या सँगनने आणलेलं कार्ड त्याच टर्नला वापरता यायचं, आता त्या नावाचं कार्ड टर्न संपेपर्यंत वापरता येत नाही. नवा मजकूर कोनामीच्या (खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या) कार्ड डेटाबेसवर असतो, तोच धरायचा. जुने खेळाडू "प्रायॉरिटी" म्हणून समन केल्या केल्या इग्निशन इफेक्ट आधी वापरायला बघतात, तो नियम कधीच गेला. आज ब्रेकरचा ट्रिगर रिझॉल्व्ह झाल्यावरही समोरच्याला स्पीड २ चं कार्ड टाकायची संधी असते, त्याने नाही म्हटलं की मग तू काउंटर काढायचा.

आणि मास्टर ड्युएलमध्ये उत्तर द्यायचं का हे कधी विचारायचं ते ठरवणारं टॉगल ऑटोवर असतं, ते शिकेपर्यंत ऑनवर ठेव. गेम जरा रेंगाळतो, प्रत्येक ठिकाणी थांबून विचारतो, पण कुठे कुठे उत्तर द्यायची संधी असते ते डोळ्यांनी दिसतं, ट्रिगर चेनला बसला तो क्षण, काउंटर पडल्यानंतरचा क्षण, इग्निशनचं टार्गेट ठरलं तो क्षण. कागदी कार्डांनी खेळताना हेच तोंडाने म्हणायचं: ब्रेकर समन, ट्रिगर, काही आहे का? उत्तर येईपर्यंत काउंटरला हात लावायचा नाही.